दुप्पट की चौपट

भूकंप झाला त्या वर्षी मी बारावीला होते. लातूरला क्लाससाठी खोली करून राहत होते. क्लास पुन्हा सुरू झाले तरी आम्ही मुली कितीतरी दिवस दार उघडं ठेवूनच झोपायचो. मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला. अब्बांचं उदगीरला शिलाईचं दुकान होतं. ते म्हणाले, "और एक साल बैठ. सब बैठेच हैं."

"नक्को अब्बा. मुझे जानवरांच पढना है."

बरेच दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पुढे नांदेडला प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला माझ्या गाईड मॅडमनी मला एक तळं नेमून दिलं. त्यात कोण कोणाला खातं ते शोधायचं. शेवाळ, गोगलगाई, चतुराच्या अळ्या, बेडूक, मासे, बगळे. ते काम उरकल्यावर त्यांनी अर्धापूरजवळचं मोठं तळं दाखवलं. तिथं जीवांच्या जाती जवळजवळ दुप्पट होत्या.

"मोजायच्या आधी सांग, खाण्याच्या जोड्या, म्हणजे एक खाणारा आणि एक खाल्ला जाणारा, किती निघतील?" मॅडमनी विचारलं.

"दुप्पट. प्रत्येक जीव ठरावीकच काहीतरी खातो."

"मी म्हणते चौपट. खाणारे दुप्पट, खाल्ले जाणारेही दुप्पट."

मला जिंकायचंच होतं. माशाचं पोट कात्रीनं उघडायचं आणि आतलं भिंगाखाली बघायचं. होस्टेलच्या मुलींनी माझी बादली वेगळी करून टाकली. तळ्यातले जीव पकडायची जाळी फाटली तेव्हा मी ती उदगीरला नेली. "मछली का पेट देखने को पढी क्या तू?" असं म्हणत अब्बांनी मच्छरदाणीच्या कापडाची नवी जाळी शिवली, दुहेरी टीप मारून.

उन्हाळ्यात जोड्यांनी दुप्पट ओलांडली. मी हरले होते. पण म्हणून मॅडम जिंकल्या असं थोडंच होतं? मी शोधत राहिले. शेवटी नवी जोडी मिळेनाशी झाली, तेव्हा आकडा चौपटीच्या बराच अलीकडे थांबला होता.

"दोघीही चुकलो," मॅडम हसल्या. "का, ते सांग."

"मोठ्या तळ्यात खायला निवड जास्त मिळते. पण सगळे सगळ्यांना भेटत नाहीत. काठाच्या गवतातली अळी मधल्या खोल पाण्यातल्या माशाला सापडतच नाही."

"मग देगलूरजवळचं तिसरं तळं बघ. या वेळी नेमका आकडा सांगून जा."

आधीच्या दोन तळ्यांवरून हिशोब करून मी आकडा सांगितला आणि देगलूरच्या एस.टी.त बसले. तो तंतोतंत जुळला नाही, पण इतका जवळ आला की मी तिथूनच चौथ्या तळ्याची चौकशी सुरू केली.