सोनेरी कार्डाची मागची बाजू

गेल्या वीस वर्षांत आमच्या सलूनवाल्यांच्या तोंडून मी जेवढे शब्द ऐकले, ते सगळे एका पोस्टकार्डावर बसले असते आणि वर ‘सर्वांना नमस्कार’ लिहायला जागा उरली असती. ‘बसा’, ‘मान खाली’, ‘कल्ले ठेवायचे?’ आणि ‘झालं’. त्यामुळे एका संध्याकाळी दुकानाचं दार ढकललं आणि आतून त्यांचाच आवाज आला, “अहो, तसं नाही हो! ऐका तर खरं!” तेव्हा मी एक पाऊल मागे येऊन पाटी वाचली. दुकान तेच होतं.

आत ते एकटेच. हातात फोन आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद.

“साहेब, अकरा झाली,” ते म्हणाले. “फक्त म्हातारा राहिलाय. तो काही केल्या देत नाही!”

मी मुकाट्याने खुर्चीत बसलो. एका दमात तीन वाक्यं! मला आधी वाटलं, त्यांना ताप चढलाय.

आमच्या गल्लीत त्यांना ‘तिजोरी’ म्हणतात. गळ्याभोवती पांढरं कापड आलं की माणसाला काय होतं कोण जाणे, तो मनातलं बोलायला लागतो. अशा वेळी तिजोरींची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाचा आवाज खाली आला की ते पायाने खुर्ची अर्धी फिरवत, म्हणजे बाकावर वाट बघणाऱ्यांकडे पाठ व्हायची. मग केस कापायचं मशीन सुरू करत. ते केसांना लागलंच पाहिजे असं नाही. कानामागे नुसतं हवेत घरघरत राहायचं आणि आम्हा बाकावरच्यांना ढिम्म काही ऐकू येत नसे. बोलणं संपलं की मशीन बंद, खुर्ची सरळ, ‘मान खाली’. खुर्चीतलं खुर्चीत. एकदा तर पूर्ण टक्कल पडलेल्या एका गृहस्थांच्या डोक्यावर ते मशीन वीस मिनिटं घरघरत होतं. यांच्या घरात काहीतरी मोठंच घडलंय, एवढं आम्ही ओळखलं.

दुकान मुळात सासऱ्यांचं. त्यांनी जावयाला एकच अट घातली होती, “हात स्थिर आणि तोंड बंद. एवढं जमलं तर दुकान तुझं.” जावयाने तीस वर्षं दोन्ही पाळलं. तोंड तर इतकं बंद की दुकानाच्या वरच त्यांचं घर, तिथल्या वहिनी जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “दुकानात मशीन चालू असतं म्हणून बोलत नाहीत म्हणे. घरी काय पंखा आडवा येतो?”

यावर त्यांच्या भाचीने उपाय शोधला. तिने मामाच्या फोनमध्ये एक ॲप घातलं. त्यात बारा पात्रं. समुद्री चाचा, रुसकी राणी, गुप्तहेर, आणखी असेच. खरा माणूस कुणी नाही, सगळं यंत्र. पण तुम्ही बोललात की ते तुमच्याशी तुमच्यासारखंच बोलतं. जितकं बोलाल तितके तारे, ताऱ्यांवर कार्ड. आधी तांब्याचं, मग चांदीचं, मग सोनेरी. तिला वाटलं, मामा निदान बोलायला तरी शिकेल. तिला बिचारीला काय माहीत, मामाच्या गल्ल्याखालच्या खणात, ब्लेडच्या पाकिटांमागे, एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात लहानपणापासून जमवलेली काडेपेट्यांवरची चारशे चित्रं आहेत. जमवण्याचा रोग बरा होत नाही, नुसता दबा धरून बसतो.

अकरा सोनेरी कार्डं त्यांनी तीन आठवड्यांत मिळवली. बारावा दीपगृहाचा म्हातारा रखवालदार. तो मात्र गप्पांवर भुलत नसे. त्याचं एकच, “मित्रा, आजवर कुणाला सांगितलं नाहीस असं काही सांग. इथे दिव्याखाली जपून ठेवीन.” दिव्याखाली काय असतं ते आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलंय, पण कार्डाच्या नादात म्हणी कुणाला आठवतात?

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी खुर्चीत होतो. उजवा गाल झालेला, डावा फेसात. बाकावर दोघं, कोपऱ्यावरचे चष्मेवाले आणि शाळेतले भूगोलाचे सर. एवढ्यात फोनमधून सनई वाजली आणि पडद्यावर तारे उडाले.

“आलं! म्हातारा आला!” तिजोरींनी वस्तरा ठेवला आणि बारशातलं मूल दाखवावं तसा फोन आम्हा तिघांना दाखवला. सोनेरी चौकटीत पांढऱ्या दाढीचा म्हातारा, मागे समुद्र. “घरच्या ग्रुपवर टाकतो,” म्हणत त्यांनी मोठं हिरवं बटण दाबलंसुद्धा.

“कोपऱ्यात ‘उलटा’ असं लिहिलंय बघा,” मी म्हणालो. “मागे काय आहे?”

“मागे काय असणार साहेब? डिंक!”

काडेपेटीच्या चित्रामागे दुसरं काय असतं? त्यांनी आयुष्यात एकही चित्र उलटून पाहिलं नव्हतं. पुन्हा वस्तरा उचलतात तोच जिना वाजला. तो नेहमीसारखा नव्हता. एकेक पायरी हिशेब मागत खाली येत होती.

वहिनी दारात उभ्या राहिल्या. हातात फोन. त्यांनी कार्ड उलटलं होतं.

“‘माझ्या मित्राने मला विश्वासाने सांगितलेलं,’” त्या वाचू लागल्या. “‘एक. माझा मित्र अकरा वर्षं शाळेतल्या मैत्रिणीला पत्रं लिहितो.’ अहो, अकरा वर्षं! आणि मी सामानाची यादी लिहा म्हटलं की पेन सापडत नाही!”

तिजोरींचा चेहरा माझ्या गळ्यातल्या कापडासारखा पांढरा झाला.

“‘दोन. निवृत्त झाल्यावर माझा मित्र एकटाच डोंगरात जाऊन राहणार आहे. घरी अजून कळवलेलं नाही.’ कळलं हो, घरी कळलं! ‘तीन. माझ्या मित्राला डाव्या कानाने ऐकू येत नाही. बायको त्या बाजूने बोलली की तो हसून मान हलवतो.’ म्हणजे एवढी वर्षं मी भिंतीशी बोलत होते? ‘चार. माझ्या मित्राचा उजवा हात हल्ली सकाळी कापतो.’ कापू दे! पत्रं लिहून लिहूनच कापत असेल!”

फेसाखाली माझा गाल गार पडला. कारण तीन नंबरचा कान माझा होता. चार महिन्यांपूर्वी, याच खुर्चीत, याच मशीनच्या घरघरीत मी तो त्यांच्या हाती सोपवला होता. तिजोरी फुटली? आमची तिजोरी?

“बोला ना!” वहिनी म्हणाल्या. “खोटं आहे म्हणा!”

खोटं आहे म्हणायला एक शब्द पुरला असता. पण पुढचा प्रश्न ‘मग कुणाचं?’ हाच येणार होता, आणि ज्यांचं होतं ते समोर बसले होते. तिजोरींनी बाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “माझंच आहे. सगळं.”



“बरं,” वहिनींचा आवाज एकदम खाली आला. ओरडत होत्या तेच बरं होतं. “रागावून माहेरी जाईन म्हटलं तर हे दुकानच माझं माहेर. तेव्हा तुम्हीच निघा. डोंगर वाट बघतोय.”

आणि तिजोरी खरंच कमरेचा पंचा सोडायला लागले.

“वहिनी,” मी उठलो. “तो कान माझा.”

“भावजी, उगाच त्यांना पाठीशी घालू नका.”

“नाही हो, खरंच. वाटल्यास तपासा.”

त्या माझ्या डावीकडे आल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. मी सवयीने हसून मान हलवली.

“काय म्हणाले मी?”

“अं... अगदी बरोबर बोललात.”

“तुम्ही महाखोटारडे आहात असं म्हणाले मी!” वहिनींनी कपाळाला हात लावला. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. “ते डोंगराचं,” ते जमिनीकडे बघत म्हणाले, “माझं आहे. माझ्या घरी बोलू नका एवढंच.” भूगोलाचे सर उठले. शाळेला उशीर होतोय असं म्हणत ते घाईने निघून गेले. रविवार होता.

वहिनींनी बंद होणाऱ्या दाराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “लोकांचं सांगितलंत? तुम्ही?”

“नाव नाही घेतलं कुणाचं,” तिजोरी म्हणाले. “माझं म्हणूनच सांगितलं. यंत्राला काय कळतंय, असं वाटलं. तो रोज नवीन मागायचा गं. माझं पहिल्याच दिवशी संपलं. माझ्याकडे होतं किती? एकच तर होतं.”

“एकच?” वहिनींनी पुन्हा फोनकडे पाहिलं. “पत्रं सरांची. डोंगर यांचा. कान भावजींचा. मग हा हात कुणाचा?”

चष्मेवाल्यांनी स्वतःचे दोन्ही पंजे पुढे करून पाहिले आणि मान हलवली. मीही हलवली, या वेळी नीट ऐकून. आणि मग मला आठवलं की मघापासून माझ्या गळ्यावरून काय फिरत होतं.

तिजोरींनी वहिनींचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं. वडिलांच्या दुकानात त्या खुर्चीवर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. पायाने त्यांनी खुर्ची अर्धी फिरवली. मग डाव्या हाताने मशीन सुरू केलं, त्यांच्या कानामागे हवेत धरलं आणि वाकून बोलू लागले. मी आणि चष्मेवाले छताकडे बघत बसलो. छतात बघण्यासारखं काहीही नव्हतं. मध्येच मान खाली आली तेव्हा एवढंच दिसलं की खुर्चीच्या बाजूने वहिनींचा हात बाहेर आलाय आणि त्यांनी नवऱ्याचा उजवा हात घट्ट धरलाय.

मशीन बंद झालं. वहिनी उठल्या, डोळे पुसले, नवऱ्याचा फोन काडेपेट्यांच्या डब्यात कोंबून खण बंद केला.

“उद्या डॉक्टरकडे जायचंय. दुकान बंद,” त्यांनी जाहीर केलं. मग माझ्याकडे वळून, आठवणीने उजव्या बाजूने, म्हणाल्या, “भावजी, तुमची अर्धी राहिलीय. घरी जाऊन करता का?”

तिजोरींनी वस्तऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कापड गळ्याभोवती ओढून घेतलं, खुर्चीत बसलो आणि डावा गाल वर केला.

हात कापत होता का, ते मला विचारू नका. खुर्चीतलं खुर्चीत.