शेळीची गाठ सांगता आली, स्वतःची नाही

मैत्रिणींनो, आज सकाळी भूगावात बायकांच्या तपासणी शिबिरात होते. डॉक्टर म्हणाल्या, “छातीत गाठ जाणवत असेल तर सांगा.” सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हणून मी माझ्या चुलतीची गोष्ट सांगितली.

साठच्या दशकात उरवड्यात आमच्या शेळ्या-मेंढ्या होत्या. शेळीच्या कासेत गाठ आली की गाव चुलतीलाच बोलवायचं. ती बाप्यांसमोर कास चाचपून झापायची, “हितं गाठ हाय. इतके दिस झोपला हुता व्हय?”

स्वतःच्या छातीतली गाठ मात्र तिनं वर्षभर लपवली. चोळीवर डाग दिसला तेव्हा माझ्या आईनं तिला विचारलं.

“दुखत न्हाई, म्हून गप ऱ्हायले.”

“अगं, दादल्याला तरी सांगायचंस!”

“ह्ये काय शेळीचं हाय व्हय, सांगाया?”

पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. ती गेली तेव्हा तिची धाकटी रांगत होती.

आज हे ऐकून बायकांनी डोळे पुसले, पण तपासून घ्यायला पडद्याआड दोघीच गेल्या. निघताना एक जण रस्त्यापर्यंत माझ्यामागून आली. “ताई, मला बी गाठ हाय. घरात कळाया नको.” तिला डॉक्टरांकडे परत न्यायला मी हात धरला. तिनं तो सोडवला आणि रिक्षात बसून निघून गेली.

गाठ दुखत नसली तरी दाखवायची, एवढं मला सांगता येतं. पण नुसतं सांगून भागत नाही, ते आज पाहिलं. त्या बाईला मी आणखी काय म्हणायला हवं होतं? तुम्हाला सुचलं तर लिहा.