राक्षसाची पाळी कधी सुटते?

मंडळी, नवख्या लोकांसोबत फासे टाकून, प्रत्येकाने एक वीर होऊन खेळायला कोणतं साहस निवडू, असं मी या ग्रुपवर विचारलं होतं. छोटंच घे, म्हणालात. मी सगळ्यात छोटं घेतलं: एक गुहा, दारावर राक्षस, आत खजिना.

आज संध्याकाळी आमच्या गोडादरा वस्तीतल्या तिघा शेजाऱ्यांना घेऊन बसलो. तिघंही कापडाच्या कारखान्यात लूमवर बारा-बारा तास काम करतात.

मी खेळाच्या पुस्तकातून वाचलं, "राक्षस हजार वर्षं दार राखतोय." आता तलवारी निघतील म्हणून फासे पुढे सरकवले. कुणी उचललेच नाहीत.

"याची पाळी कधी सुटते?" त्यांच्यातल्या भिकनभाऊंनी विचारलं.

"सुटत नाही."

"दुसऱ्या पाळीवाला आलाच नाही का? काल माझाही नाही आला. डबल करावी लागली."

पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

भिकनभाऊ राक्षसाला म्हणाले, "जा भाऊ, घरी जाऊन झोप. मी उभा राहतो."

राक्षस गेला. खजिन्याचं कुणी नावही काढलं नाही. वीस मिनिटांत खेळ आटोपला आणि भिकनभाऊ चपला घालून रात्रपाळीला निघून गेले.

मला बरं वाटलं की वाईट, माहीत नाही. फासे डबीत भरले, कप विसळले आणि इथे सायबर कॅफेत येऊन बसलो.

भिकनभाऊंचा वीर अजून त्या दारात उभा आहे. त्याला सोडवायला कोण येणार, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं?