काकांचा अमेरिकेतला पाहुणा

अमेरिकेतल्या पुढाऱ्याची जयंती अंगणात खुर्ची मांडून साजरी करणारा माणूस राहाता तालुक्यात आमच्या धाकट्या काकांशिवाय दुसरा झाला नाही. काका साखर कारखान्यात फिटर. कुठल्याशा साप्ताहिकात त्यांनी काळ्या लोकांच्या त्या पुढाऱ्याविषयी वाचलं आणि त्याला आमच्या घराण्यातच ओढलं. एसटीत ते नेमके आमदारांसाठी राखीव बाकावर बसत. कंडक्टर उठवायला आला की म्हणत, "तिकडं अशाच बाकासाठी मान्सं वरीसभर पायी चालली. तुमी मला पुढच्या ठेशनापोतर तरी बसू द्या." वाद संपेपर्यंत ठेशन येई.

हे सगळं नव्वदच्या आसपासचं, काका तेव्हा निवृत्तीला टेकलेले. गावच्या हॉटेलात तेव्हाही आमच्या वस्तीचे कप बाहेरच्या कोनाड्यात असत, आपणच विसळायचे. काकांनी तिथला चहा कधीच सोडला होता. हॉटेलवाले अण्णा स्वभावाने गोड, पण आमच्या घरी चहा म्हटलं की त्यांना उपास असे. अण्णांनी एकदा तरी आपल्याकडे कपभर चहा घ्यावा, एवढाच काकांचा हट्ट होता.

त्या जानेवारीत, पहिल्याच जयंतीला, काकांनी त्याचा फोटो नवा मढवून आणला. काळा कोट, बारीक मिशी, रंग थेट आमचा. हार घालून तो खुर्चीत ठेवला, आणि येणाजाणाऱ्यांना वाटलं, काकूचा मुंबईचा भाऊ गेला. माणसं खाली माना घालून येऊ लागली. त्यात अण्णाही आले.

"कवा गेले, मिस्तरी?"

"लई वर्सं झाली. गोळी घातली."

अण्णा हबकून बाजेवर बसले. काकूने चहा आणला. दुखवट्याच्या घरचा चहा नाकारत नाहीत, अण्णांनी मुकाट घेतला. एरवी अर्ध्या खोट्यावरही तुटून पडणारे काका बशी रिकामी होईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "अण्णा, हा अमेरिकेतला हाय. काळ्या मान्साला हाटेलात येगळं ठेवायचे, त्याच्यापायी भांडला."

अण्णा बशीकडे बघत राहिले. "आमी समजलो, तुमच्या घरातलं कुनी हाय."

"घरातलंच हाय."

अण्णा उठले. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या हाटेलात या. आत बसा."

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून गेले. परत आल्यावर मी विचारलं, "कसा होता चहा?"

"पानचट," काका म्हणाले. "लई पानचट." आणि अंगणातच डोळ्यांना टॉवेल लावून बसले.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. एका कपासाठी त्यांना म्हातारं व्हावं लागलं, याचा मला अजून राग येतो. पण टॉवेल बाजूला केल्यावरचा त्यांचा ओला, हसरा चेहरा आठवतो, आणि तो रागही धड टिकत नाही.