आवळ्याची फोड

औरंगपुऱ्यात मी रिक्षाची वाट बघायचे, त्या कोपऱ्यावर एक म्हातारे बाबा पत्र्याच्या पेट्या ठोकत बसायचे. दिवसभर ठणठणाट. त्यांच्या गालात कायम वाळलेल्या आवळ्याची फोड असायची. मी दिसले की एक फोड माझ्यापुढंही धरायचे.

एकदा त्यांची लहान नात जेवणाचा डबा घेऊन आली. मागं उभी राहून "आबा, आबा" अशा हाका मारत राहिली. हातोडा थांबलेला होता, तरी बाबांनी वळून पाहिलं नाही. शेवटी तिनं त्यांचा सदरा ओढला.

मी हे पाहिलं, ते त्यांना कळलं.

"डाक्टरीणबाईनं दोन गोष्टी सांगितल्या व्हत्या," ते म्हणाले. "ठोकताना कानात रबरी बोळे घाला, आन आवळा, पेरू खात जा, त्यानंबी कानाला थोडाफार आधार व्हईल. पन बोळे घातले की पत्रा नीट बसला का ते आवाजावरून कळत नाय. म्हनून म्या नुसता आवळाच धरला."

मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ठोका अजून चांगला ऐकू येतो, ताई. हिचा आवाजच आधी गेला."

मला लोकांशी बोलायला जमत नाही, बोलले तरी आवाज फुटत नाही. त्या दिवशी मी धीर करून म्हणाले, "बाबा, राहिलंय तेवढं तरी जपा. आजपासून बोळे घाला."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, हसून मान हलवली आणि आवळ्याची एक फोड माझ्यापुढं धरली.

मी ती घेतली. पुन्हा मोठ्यानं सांगावं म्हणेपर्यंत ठणठणाट सुरू झाला होता.