स्पिरिटवरचा मुऱ्हाळी

मी रसायनशास्त्र शिकलो, याची झळ सगळ्यात आधी आमच्या आबांच्या स्कूटरला बसली.

अमळनेरच्या एका शाळेत मी तेव्हा प्रयोगशाळा सहायक होतो. म्हणजे परीक्षानळ्या धुणे आणि फुटल्या तर त्या माझ्याकडून फुटल्या नाहीत हे सिद्ध करणे, एवढंच काम. पण घरात माझा रुबाब शास्त्रज्ञाचा. फ्यूज गेला तरी आई आधी मला विचारायची आणि मग वायरमनला बोलवायची.

त्या वर्षी आखातात लढाई होऊन गेलेली. पेट्रोलचा भरवसा नव्हता. नेमकी आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आणि गावातल्या पंपावर ‘पेट्रोल नाही’ची पाटी लागली. आखाजीला सासरी असलेल्या बहिणीला माहेरी आणायला जो भाऊ जातो, त्याला आमच्याकडे मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आल्याशिवाय पोरीने उंबरा ओलांडायचा नाही. माझी धाकटी बहीण सुशी धरणगावजवळच्या एका खेड्यात दिलेली, आणि लग्नानंतरची तिची ही पहिलीच आखाजी. अंगणातल्या निंबाला आईने आठ दिवस आधीच झोका बांधून ठेवला होता.

सुशीची सासू, म्हणजे अक्का, फार शिस्तीची बाई. मागच्या भाऊबीजेला मी एक दिवस उशिरा पोचलो होतो. (वाटेत एका मित्राचा रेडिओ दुरुस्त केला. तो रेडिओ त्यानंतर कधीच बोलला नाही.) तेव्हापासून अक्कांनी माझा हिशेब वेगळा ठेवला होता. त्यांचा निरोप आला, “मुऱ्हाळी बाराच्या आत दारात उभा पाहिजे. बारा वाजले की पोर आखाजी इथंच करेल.”

“एसटीने जा,” आबा म्हणाले.

“एसटीला माणसं टपावर बसलीत, आबा. मी स्कूटर नेतो.”

“तिच्यात दोन लिटरसुद्धा पेट्रोल नाही.”

“ते माझ्यावर सोडा.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. आबांनी आठ वर्षं नंबर लावून ती स्कूटर मिळवली होती. रोज सकाळी ते आपल्या जुन्या धोतराने तिला पुसायचे. माझ्या लहानपणी माझं नाकसुद्धा एवढ्या प्रेमाने पुसलं नव्हतं.

आता, एका साप्ताहिकात मी वाचलं होतं की ब्राझीलमध्ये मोटारी उसाच्या स्पिरिटवर चालतात. ऊस त्यांच्याकडे, ऊस आपल्याकडे. मग अडलं कुठे? माझा एक मित्र साखर कारखान्यात होता. त्याने पाच लिटरचा डबा आणून दिला. कुठून आणला हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मैत्री म्हणतात ती हीच. आबा पूजेला बसल्याचं बघून मी दोन लिटर स्पिरिट टाकीत ओतलं आणि डबा पायाशी ठेवून निघालो. तोवर साडेआठ झाले होते आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं.

पण स्कूटर काय पळाली म्हणता! धरणगाव रस्त्याला मी दोन ट्रॅक्टर आणि एक मोटारसायकल मागे टाकली. (मोटारसायकलवाला लघवीला थांबला होता, पण मागे टाकली ती टाकलीच.) अक्कांचं गाव दीड मैलावर राहिलं आणि रेल्वेचं फाटक लागलं. फाटक बंद. मालगाडी आली, आरामात गेली. फाटक उघडलं, मी किक मारली. काही नाही. वीस किका मारल्या. तरीही काही नाही.

निदान मी ताबडतोब केलं. उन्हाने नळीतच इंधन उकळत होतं. वाफ झाली की नळी तुंबते आणि इंजिनाला घोटभरसुद्धा मिळत नाही. निदान अचूक होतं. पुढे जे केलं तेवढंच चुकलं.

एक म्हातारे बाबा सायकल टेकवून जवळ आले. “काय व्हयनं भाऊ?”

“इंधन तापलंय, बाबा.”

बाबांनी सीट उचललं, टाकीचं झाकण काढलं, आत नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

“भाऊ, हाई त दारू शे.”

“दारू नाही, स्पिरिट आहे. ब्राझीलमध्ये—”

“या रे बठ्ठा!” बाबांनी हाळी दिली. “भाऊनी गाडी दारू पेस!”

फाटकाजवळच्या निंबाखाली जेवढी माणसं होती तेवढी आली. प्रत्येकाने एकेकदा टाकीत नाक घातलं. दोघांनी दोनदा घातलं. तेवढ्यात मी गोणपाट ओलं करून टाकीवर टाकलं आणि कॅनव्हासच्या छागलीतलं गार पाणी वरून धो धो ओतलं. टाकी गार झाली. झाकण मात्र बाबांच्या हातातच होतं.

पाणी आत गेलं.

नळी काढून मी सोड्याच्या बाटलीत थोडं इंधन घेतलं आणि उन्हात धरलं. वर लालसर पेट्रोल, खाली पाणी आणि स्पिरिट, मध्ये आखून काढल्यासारखी रेघ. शाळेत तीन वर्षं मला दोन द्रवांचे थर असे सुरेख दाखवता आले नव्हते. इंजिन इंधन ओढतं तळातून आणि तळाला पाणी, म्हणजे स्कूटरचा कारभार आटोपला. घड्याळात दहा वाजत आले होते आणि तिकडे सुशी पिशवी भरून ओट्यावर बसली असणार.

“कोना घर जानं शे?” बाबांनी विचारलं. मी सांगितलं. बाबांचा चेहरा उजळला. “मी तठेच चालनू. सांगी देस.”

बाबांनी सांगितलं. शब्द न् शब्द मला नंतर कळला. अक्कांच्या ओट्यासमोर सायकलवरून न उतरताच ते म्हणाले, “अक्का, तुमना मुऱ्हाळी फाटकपान बठेल शे, दारूना डबा लई.”

तासाभराने फाटकाकडे एक बैलगाडी येताना दिसली. अक्कांचा सालदार गडी हाकत होता आणि मागे, डोक्यावरचा पदर दातात धरून, माझी बहीण उभी होती.

“दादा, खरं सांग. प्यायलास का?”

“मी नाही गं. स्कूटर.”

तिने टाकी हुंगली, मला हुंगलं, आणि कपाळाला हात लावला. “अक्का म्हणाल्या, गावाने बघायच्या आत त्याला उचलून आण. चढ.”

स्कूटर आडवी करून गाडीत घातली. तिच्याशेजारी मी बसलो. गावाच्या वेशीला सुशीने बैल थांबवायला लावले. “उतर. इथून पायी ये. मुऱ्हाळी चालत आला पाहिजे, कडब्यासारखा लादून नाही.” ती पुढे गेली आणि पुन्हा ओट्यावर पिशवी घेऊन अशी बसली, जणू सकाळपासून हललीच नाही.

बाराला दहा कमी असताना मी दारात उभा राहिलो. “अक्का, सुशीला न्यायला आलोय.”

पाया पडायला वाकलो, तर अक्कांनी नाकाला पदर लावला. “सुशी, तुना भाऊ पेयेल शे का?”

“नाही, अक्का. त्याने गाडीला पाजली.”

अक्कांनी गाडीतल्या आडव्या स्कूटरकडे बघितलं. ती खरोखर पिऊन पडल्यासारखीच दिसत होती. मी घाईघाईने ब्राझीलचं सगळं सांगितलं.

“तठे आखाजी ऱ्हास का?” अक्कांनी विचारलं.

“नाही.”

“मंग चालस व्हई तठे.”

घरच्या निंबाला बांधलेला झोका माझ्या डोळ्यांसमोर आला. सुशीने पिशवीची गाठ सोडायला घेतली होती. अक्का ओट्यावरून उठल्या, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सुनेकडे वळल्या.

“गाठ बांध. तू जाय माय. हाऊ एकला घर पोचनार नही.”

अशी सुशी माहेरी आली, मला पोचवायला. एसटीत खिडकी तिला मिळाली, मला तिची पिशवी. दारात आई तिला मिठी मारत होती, आणि आबा आमच्या दोघांच्या मागे रस्त्यावर बघत उभे होते.

“स्कूटर?”

“अक्कांच्या गोठ्यात,” सुशी म्हणाली. “म्हशींपासून लांब बांधलीय.”

आबा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. पुढच्या आखाजीला अक्कांचा निरोप आला, “पोरीला आम्हीच आणून घालतो. मुऱ्हाळीला घरीच राहू द्या.”

परवा पंपावर पाटी वाचली. आता सरकारच पेट्रोलमध्ये उसाचं स्पिरिट मिसळतंय. छाती फुगवून मी तिथूनच सुशीला फोन लावला. “बघ, तीस वर्षांपूर्वी मी हेच करत होतो. काळाच्या पुढे होतो की नाही मी?”

“नाही रे दादा,” ती म्हणाली. “तू फाटकापाशी होतास.”