बसल्या जागी चाळीस हजार

सूतभर काकांना महिन्याला चाळीस हजार यायचे, आणि तेही बसल्या जागी. ना कामावर जायचं, ना साहेबाची बोलणी खायची. अकरा हजार वरच्या मजल्याचं भाडं, बाकीचं बँकेतल्या ठेवींचं व्याज. आणि खर्च? एकट्या माणसाचा, अगदी सढळ हाताने केला तरी पंधराच्या वर जायचा नाही. लोक तोंडावर म्हणायचे, "काका, नशीब काढलंत!" काका हसायचे. ते हसणं काही खरं नव्हतं, पण दुसऱ्याचं हसणं निरखत बसायला वेळ आहे कुणाला!

पस्तीस वर्षं हा माणूस कारखान्यात लेथ मशीनवर उभा होता. लोखंडी दांडे कातायचे, मापाला आणायचे. टर्नर. त्या कामाची एक रीत आहे: आधी थोडं जास्तच ठेवायचं. जास्त राहिलं तर कापता येतं. कमी झालं तर लोखंड परत चिकटवता येत नाही, तुकडा सरळ भंगारात. म्हणून काका शेजारच्या मशीनवाल्यावरही ओरडायचे, "अरे बाबा, अजून सूतभर ठेव!" तेच नाव पडलं आणि कायमचं चिकटलं.

बरं, खोड कारखान्यात ठेवून घरी यावं ना? नाही. पन्नाशीला टेकल्यावर एकदा काकूंनी विचारलं, "अहो, नोकरी सोडायची तर महिन्याला किती आले म्हणजे पुरे?" दोघं जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसली. किराणा, दूध, वीज, औषधं, वर्षातून एखादा प्रवास. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे फार ताणाताण नव्हतीच. आकडा आला वीस हजार. काकूंचं मागणं एवढंच होतं की सकाळचा चहा दोघांनी बसून प्यावा. काका साडेसहाला बाहेर पडायचे. लग्न झाल्यापासून तो चहा उभ्यानेच व्हायचा.

वीस झाले. काका म्हणाले, "दुखणंखुपणं निघालं तर? थोडं जास्त ठेवू." पंचवीस. मग महागाई आठवली. बत्तीस. बत्तीसही झाले, तेव्हा छप्पर गळलं तर, असा विचार आला आणि आकडा चाळीसवर जाऊन बसला. "अहो, आपण दोन माणसं आहोत, पलटण नाही!" काकू चिडून म्हणाल्या. पुढे त्यांनी चिडणंही सोडलं.

बसल्या जागी अडतीस येत होते तेव्हाची गोष्ट. काकू भर दुपारी कपडे वाळत घालताना पडल्या, त्या उठल्याच नाहीत. काका त्यानंतरही आठ महिने कामावर गेले. लोकांना वाटलं, केवढी ही हाव! हाव कसली, घरी बसून भिंतींशी बोलणार होते का? पण वय झालं, हात थरथरायला लागला आणि साहेबांनी एक दिवस गोड बोलून घरी पाठवलं. तोवर चाळीसही पुरे झाले होते.

मग सुरू झाला, लोक ज्याला आराम म्हणतात तो प्रकार. सकाळ नऊपर्यंत संपायची आणि दुपार काही केल्या संपायची नाही. काका आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यायचे, तिथून परत आत जायचे. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा, पेपर दाराखालून सरकायचा, व्याज आपोआप जमा व्हायचं. सगळं काही दार न वाजवता यायचं.

दार वाजायचं ते फक्त एक तारखेला. वर एक नर्सबाई भाड्याने राहत होत्या, पस्तिशीच्या, एकट्या. दुपारपाळी असायची, म्हणून अकराच्या सुमारास भाडं घेऊन यायच्या. काका चहा टाकायचे. बाई दहा-पंधरा मिनिटं बसायच्या, हॉस्पिटलातल्या एखाद्या हट्टी पेशंटची गंमत सांगायच्या आणि जाता जाता दटावायच्या, "काका, प्रेशरची गोळी चुकवता ना? खरं सांगा!" दटावणारं माणूस आहे, या कल्पनेनेच काकांचा आठवडा बरा जायचा. एक तारखेला ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दहापासूनच तयार असायचे.

एकदा बाई म्हणाल्या, "काका, पुढच्या महिन्यापासून पैसे थेट तुमच्या खात्यात टाकते. तुम्हालाही त्रास नको, मलाही धावपळ नको." काका म्हणाले, "बरं." आणखी काय म्हणणार? पुढच्या एक तारखेला सकाळी सातलाच फोन वाजला, अकरा हजार जमा. काका तरीही दाढी करून एक वाजेपर्यंत खुर्चीत बसले. बाई बाहेरच्या जिन्याने उतरल्या आणि गेल्या.

आता सरळ सांगावं की नाही, "बाई गं, तू आलीस की बरं वाटतं"? पण पस्तीस वर्षं मशीनच्या खडखडाटात काढलेला माणूस, त्याच्या तोंडून असलं काही निघेना. मग त्यांनी आपल्याला येत होतं तेच केलं. लेथवर एकदम खोल काप घेत नाहीत. थोडं कापायचं, मोजायचं, परत थोडं कापायचं.

जिन्यात बाईंना गाठून ते म्हणाले, "सिस्टर, भाडं पाचशेने कमी करतो. पण रोख द्या, हातात आणून."

बाई हसल्या. "पाचशेसाठी बँकेच्या रांगेत उभी राहू? राहू द्या हो काका."

पुढच्या आठवड्यात काकांनी हजार कमी केले. बाई हसल्या नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन हजार, आणि वर म्हणाले, "सावकाश या. बसा निवांत. मी एकटाच तर असतो." बाई भराभर वर गेल्या. काका मात्र खुशीत. त्यांना वाटलं, आता माप जवळ आलं.

अरे देवा! एकटी राहणारी बाई, एकटा म्हातारा, दर आठवड्याला भाडं उतरवतो आणि घरात येऊन बस म्हणतो. तिने समजायचं तरी काय?

चार दिवसांनी बाईंचा भाऊ आला. दारातूनच म्हणाला, "ताई महिनाअखेर खोली सोडतेय."

"का? काही गैरसोय झाली का?"

"कारण तुम्हाला माहीत आहे. या वयात हे शोभतं का?"

काकांना आधी काही उमगलंच नाही. भाऊ फाटकाबाहेर गेल्यावर उमगलं. वर जाऊन सगळं समजावून सांगावं असं दहादा मनात आलं. पण एकट्या बाईचं दार वाजवायचं म्हणजे आगीत तेल. महिना संपेपर्यंत ते बाईंच्या येण्याजाण्याच्या वेळी खिडकीतही उभे राहिले नाहीत.

महिनाअखेर सकाळी टेम्पो आला. सामान चढलं. भाऊ विजेच्या बिलाचे पैसे द्यायला दाराशी आला, मागे बाई मान खाली घालून उभ्या. शंभराच्या तेरा नोटा. "मोजून घ्या," भाऊ म्हणाला.

काकांनी मोजल्या. परत मोजल्या. मग तिसऱ्यांदा, एकेक नोट सरळ करत.

"कमी आहेत का?" भाऊ वैतागला.

"नाही. बरोबर आहेत."

"मग चाललंय काय?"

काकांनी वर बघितलं नाही. "मोजतोय तोवर तुम्ही उभे आहात. घरात दुसरं कुणी येत नाही हो. सिस्टर यायच्या, तेवढं एकच माणूस. भाड्याचं मला काही नव्हतं. पैसे मला पुष्कळ येतात."

भाऊ ओशाळून इकडेतिकडे बघू लागला. बाईंनी मान वर केली. डोळे भरले होते त्यांचे. "काका, हे सरळ सांगायचं ना! मी रोज जिन्यावरून हाक मारली असती."

"जमलं नाही सांगायला."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, तो तासावर पैसे घेतो." बाई उंबऱ्याशी घुटमळल्या, आत यावं की जावं त्यांना ठरवता येईना.

"निघा, निघा," काका घाईघाईने म्हणाले, "उगाच जास्तीचे पडतील."